रत्नागिरीत राहायला यायचं? आधी पश्चिमेची खिडकी बघा

रत्नागिरीत घर बघायला लोक डिसेंबरात येतात. हवा कोरडी, समुद्र निळा, विहिरींना पाणी, इमारतींना दिवाळीआधी काढलेला ताजा रंग. दलालांचाही हाच हंगाम. शहर खरं कसं आहे ते मात्र मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात आणि जुलैत कळतं. मेमध्ये नळाखाली बादली लावून आणि जुलैत कपाटाचं दार उघडून. मुंबई-पुण्याची जागा विकून किंवा भाड्याने देऊन इकडे कायमचं यायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हे परीक्षण त्या दोन महिन्यांच्या अंगाने केलंय.

निकाल आधीच सांगून टाकू. शहर म्हणून रत्नागिरीला पाचात साडेतीन. त्यातही समुद्राला खेटून असलेल्या घराला दोन, आणि काही किलोमीटर मागे, सड्यावरच्या, म्हणजे जांभा दगडाच्या पठारावरच्या, घराला चार. तेही पाण्याची खात्री झाली तर. जाहिरातीत मात्र भाव नेमका उलटा लावलेला असतो.

गुहागर, गणपतीपुळे, मालवण सोडून रत्नागिरीच का, याचं कारण साधं आहे. हे जिल्ह्याचं ठिकाण. जिल्हा रुग्णालय, कोर्ट, कलेक्टर कचेरी, गोगटे-जोगळेकरसारखं जुनं कॉलेज, शिरगावचं मत्स्य महाविद्यालय, इंजिनिअरिंग, पॉलिटेक्निक आणि २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, हे सगळं रिक्षाच्या अंतरात. पर्यटनाच्या गावाला पावसाळ्यात झापड येते. इथला बाजार बारा महिने चालतो.

तीन पट्टे, तीन शहरं

शहराचे तीन पट्टे धरा. पहिला किनाऱ्याचा: मिऱ्या, पांढरा समुद्र, पेठ किल्ला, मांडवी, आणि खाडीवरचा पूल ओलांडला की भाट्ये. दुसरा जुन्या शहराचा: रामआळी, जयस्तंभ, थिबा पॅलेसचा परिसर, मारुती मंदिर. तिसरा मागच्या सड्याचा: साळवी स्टॉप, नाचणे, कुवारबाव, मिरजोळे, खेडशी. एसटी स्टँड जुन्या शहरात, रेल्वे स्टेशन मात्र पार मागे, तिसऱ्या पट्ट्याच्या बाजूला.

पहिल्या पट्ट्यात पैसे मोजले जातात ते गॅलरीतून समुद्र दिसतो म्हणून. तोच समुद्र गॅलरीत येतोही. लाट फुटली की बारीक खारे तुषार हवेत चढतात, आणि जून ते सप्टेंबर नैऋत्येचा वारा ते सरळ जमिनीवर आणतो. त्यातले जड थेंब पहिल्या काहीशे मीटरांतच खाली बसतात. पुढे झाडी, घरं आणि चढ बाकीच्यांना अडवतात. म्हणून किनाऱ्यापासून पन्नास मीटरवरचं घर आणि दोन किलोमीटरवरचं घर यांतला फरक थोडाथोडका नाही, ती दोन वेगळी हवामानं आहेत. मिऱ्याची गोष्ट त्याहून बिकट. तिथे समुद्र वर्षानुवर्षं किनारा खातोय, दगडी बंधारे आणि टेट्रापॉड टाकून तो थोपवण्याचं काम चालत आलंय. तिथली जागा घ्यायचीच असेल तर जुलैतल्या अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या उधाणाला, भरतीची वेळ साधून, एकदा प्रत्यक्ष उभं राहून बघावी. छत्री नेऊ नका, उपयोग होत नाही.

ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी आणून ठेवलं ते रत्नागिरीतच. त्याच्यासाठी १९१०च्या सुमारास वाडा उभा राहिला तोही वाळूवर नाही. टेकाडाच्या कडेला, खाली भाट्याची खाडी दिसेल पण लाट पोचणार नाही अशा जागी. राजाच्या इच्छेला तेव्हा फारसा वाव नव्हता, पण जागेची निवड आजही शिकण्यासारखी आहे.

गंजाचा हिशेब

इथे राहण्याचा खरा खर्च भाड्यात किंवा हप्त्यात दिसत नाही. तो दर वर्षी थोडाथोडा गंजात जातो, आणि तो आधीच ओळखता येतो.

इमारतीपासून सुरुवात करा. खाऱ्या हवेतलं क्लोराइड काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून आत मुरतं. सळईपर्यंत पोचलं की तिच्यावरचं संरक्षक कवच मोडतं आणि गंज सुरू होतो. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते, म्हणून तो आतून काँक्रीट ढकलतो. सळईच्या रेषेत सरळ भेग पडते, त्या भेगेतून पाणी आत, आणि दोन-तीन पावसाळ्यांत छज्जाचा पापुद्रा खाली. यावर उपाय बांधतानाच करायचा असतो. आयएस ४५६ या प्रमाणकानुसार किनाऱ्याच्या हवेत उघड्या राहणाऱ्या काँक्रीटला किमान एम ३० प्रत आणि सळईवर ४५ मिलिमीटर आच्छादन हवं. समुद्राचे तुषार थेट पोचतात तिथे एम ३५ आणि ५० मिलिमीटर. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत फ्लॅट घेत असाल तर नमुना फ्लॅटचा सोफा बघण्याआधी स्लॅबवर जा आणि सळईखालचे कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई वर उचलून धरणारे ठोकळे, मोजपट्टीने मोजा. २० मिलिमीटरचे दिसले, तर ती इमारत साताऱ्यासाठी ठीक आहे, मांडवीसाठी नाही. वाळू कुठली, हेही विचारा. खाडीची न धुतलेली वाळू वापरली असेल तर मीठ बाहेरून यायचीही गरज नाही, ते आतच आहे.

जुना फ्लॅट घेताना पश्चिमेच्या गॅलरीच्या छताखाली उभं राहून नाण्याने टकटक करा. ठणठणीत आवाज येतो तिथे काँक्रीट धड आहे. बद्द आवाज येतो तिथे आत पोकळी आहे. तांबूस डाग, चुन्याचे पांढरे ओघळ, सळईच्या रेषेतली सरळ भेग, ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसली तर सौदा सोडा, नाहीतर दुरुस्तीचा अंदाज काढून भाव तेवढा पाडा. इमारतीच्या फक्त पश्चिमेच्या भिंतीला नवा रंग असेल तर जरा जास्तच जवळून बघा. मग गच्चीवर जा. टाकीची शिडी, लिफ्टच्या खोलीच्या दाराच्या बिजागऱ्या, पत्र्याच्या शेडचे हूक. पत्रा शाबूत आणि हूक खाल्लेले, हे इथलं नेहमीचं चित्र. वादळात पत्रा उडतो तो पत्रा कमजोर म्हणून नाही, हूक तुटला म्हणून. गच्चीवर पत्र्याची शेड नाही असं सांगून कोणी इमारतीचं रूप दाखवत असेल तर भुलू नका. या पावसात उघडा स्लॅब गळतोच, आज नाहीतर पाच वर्षांनी.

फर्निचरचं तर स्पष्टच सांगायचं: पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ घाटावरच सोडून या. ट्रकचं भाडं वाचेल. दमट हवेत ते बिस्किटासारखं फुगतं आणि स्क्रू धरत नाही. प्लायवूड घ्यायचं तर आयएस ७१०चा शिक्का असलेलं, आणि सुताराला सगळ्या कडा बंद करायला लावा. दर्शनी बाजूला सनमायका आणि मागे, खाली, भिंतीकडे उघडं लाकूड ठेवलं की ओल तिथूनच शिरते. कपाटं भिंतीला चिकटवू नका, मागे दोन-तीन बोटं हवा खेळू द्या. पश्चिमेच्या भिंतीला तर कपाट लावूच नका.

स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या आणि बिजागऱ्या ३०४ ग्रेडच्या स्टीलच्या घ्या. दुकानदार चुंबक लावून दाखवतो, त्याला अर्थ नाही. स्वस्तातलं २०२ ग्रेडही चुंबकाला सहसा चिकटत नाही. ग्रेड बिलावर लिहून घ्यावा. किनाऱ्याच्या पट्ट्यात ३०४वरही चहासारखे डाग पडतात. तिथल्या उघड्या रेलिंगला ३१६ लागतं. त्यात मॉलिब्डेनम असतं आणि किंमत तशीच चढी असते. खिडक्यांना लोखंडी चौकटीचा मोह नको; यूपीव्हीसी किंवा चांगलं पावडर कोटिंग केलेलं अॅल्युमिनियम. पण बिजागरी, चाकं, स्क्रू कसले आहेत ते विचारायला विसरू नका, कारण खिडकी नेहमी तिथेच अडते.

एसीचं बाहेरचं यंत्र पूर्वेच्या किंवा निदान आडोशाच्या भिंतीवर टांगा. तांब्याची कॉइल घ्या, तिच्या पातळ पत्त्यांवर (फिन्सवर) संरक्षक लेप असलेली, आणि महिन्यातून एकदा वीज बंद करून गोड्या पाण्याच्या हलक्या फवाऱ्याने मिठाचा थर धुऊन काढा. एवढं एक काम केलं तरी यंत्राचं आयुष्य डोळ्यांना दिसेल इतकं वाढतं. आणि कॉइल शाबूत असताना एसी अचानक मेला तर आधी आतल्या सर्किटवर पाल शिरलीय का बघायला सांगा. हसण्यावारी नेऊ नका. कोकणातल्या मेकॅनिकचा तो पहिला संशय असतो.

टीव्ही, संगणक, मिक्सर वापरात असतील तर टिकतात, कारण चालू यंत्र स्वतःच्या उबेने कोरडं राहतं. मरतात ती बंद घरात ठेवलेली. म्हणून 'सध्या घेऊन ठेवू, सुट्टीत येत जाऊ' हा बेत इथे सगळ्यात महाग पडतो. जूनमध्ये कुलूप लावलेलं घर गणपतीत उघडलं की गाद्यांवर हिरवी बुरशी, चपलांवर पांढरी, आणि फ्रीजच्या दाराच्या रबरावर काळी. घरात माणूस नसेल तर निदान पंधरा दिवसांनी खिडक्या उघडणारं कोणी तरी हवंच.

जुलै

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. पुण्यात वर्षभरात जेवढा पडतो, तेवढा इथे एकट्या जुलैत सहज होतो. पण आकड्यापेक्षा त्याची दिशा त्रास देते. पाऊस वरून पडत नाही, पश्चिमेकडून येतो. जुन्या घरांत पडवीला झड अडवायला नारळाच्या झावळ्यांच्या ताट्या बांधत. फ्लॅटमध्ये ते काम छज्जा करतो, आणि दीड फुटाचा छज्जा या झडीपुढे शोभेपुरता असतो. अडीच फूट तरी हवा. खिडकीची उंबरपट्टी बाहेरच्या बाजूला उतरती आहे ना, सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीला पाणी जायला भोकं आहेत ना, हे हात लावून बघा. ही भोकं सिमेंटने बुजवलेली असतात आणि पहिल्या पावसात हॉलमध्ये तळं होतं.

पहिल्या पावसात वीज का जाते, हा नव्याने आलेल्यांचा नेहमीचा प्रश्न. आठ महिने तारांच्या चिनी मातीच्या चिमण्यांवर (इन्सुलेटरवर) मीठ आणि धूळ बसत असते. कोरडं असताना त्याचा त्रास नाही. पहिली बारीक सर ते नुसतं ओलं करते, धुऊन काढत नाही. ओल्या मिठातून वीज गळते आणि फीडर बंद पडतो. पुढे जोराच्या सरींनी सगळं धुऊन निघालं की हा त्रास कमी होतो, मग पाळी येते झाडांच्या फांद्यांची. घरून काम करणाऱ्याने १५० अॅम्पिअर-अवरची बॅटरी आणि इन्व्हर्टर धरूनच चालावं. राउटर, लॅपटॉप, एक पंखा, एक दिवा यांना ती सात-आठ तास पुरते. मे आणि ऑक्टोबरात विजा कडाडतात तेव्हा राउटर आणि टीव्ही भिंतीतून काढून ठेवा, आणि मुख्य पेटीत गळती पकडणारा आरसीसीबी बसवून घ्या. ओल्या भिंतीत ती चैन नाही.

आगोट ही कोकणातली जुनी शहाणी चाल. मेअखेर डाळी, तांदूळ, मसाले उन्हं दाखवून हवाबंद डब्यांत भरायचे. मीठ बरणीत तांदळाचे दाणे टाकून. पापड-फेण्या पत्र्याच्या डब्यात, कागदाच्या पिशवीत नव्हे. कॅमेरा आणि दुर्बीण असेल तर सिलिका जेल घातलेल्या घट्ट डब्यात, आणि जेल रंग बदलेल तशी तव्यावर तापवून पुन्हा वापरा. कपडे वाळवायला जागा नसेल तर एक खोली, एक पंखा आणि दोरी हा रोजचा संसार होतो. घर घेताना पत्र्याच्या शेडखाली दोरी बांधायचा हक्क आहे का, हे सोसायटीला विचारून घ्या. प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण जुलैत यावरून भांडणं होतात.

तब्येतीच्या बाजूने दोन गोष्टी. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून, चिखलातून अनवाणी जाणं टाळा. लेप्टो, म्हणजे घाण पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप, कोकणात नवा नाही, आणि पायाला जखम असताना चिखलात गेलेल्या माणसाला ताप आला तर तो डॉक्टरला पहिल्या दिवशी दाखवायचा, तिसऱ्या नाही. दुसरं, जांभ्याच्या भिंतीत आणि लाकडाच्या ढिगात लाल विंचू असतो. बूट झटकून घालायची सवय लावा. दमेकऱ्यांनी मात्र बुरशीच्या हवेचा अंदाज घेतल्याशिवाय घर घेऊ नये. 'समुद्राची हवा चांगली' हे वाक्य जानेवारीपुरतं खरं आहे.

उन्हाळा लोक समजतात तितका वाईट नाही. दुपारी खारे वारे सुटले की झाडाखाली बरं वाटतं. अपवाद फेब्रुवारी-मार्चमधले काही दिवस: जमिनीकडून पूर्वेचा वारा वाहतो, खारे वारे उशिरापर्यंत आत येऊ शकत नाहीत आणि पारा ३८च्या आसपास जातो. त्याच सुमाराला आंब्याची फळगळ होते आणि बागायतदारांचे चेहरे उतरतात.

मे महिना आणि पाणी

इतका पाऊस पडतो तिथे पाणीटंचाई कशी? जांभा सच्छिद्र असतो, उतार तीव्र, समुद्र जवळ. पाणी मुरतं आणि झऱ्यांवाटे, ओढ्यांवाटे निघून जातं. नगर परिषदेच्या हद्दीत मुख्य पुरवठा शीळ धरणाचा. मेमध्ये साठा खाली गेला आणि पाऊस लांबला की दिवसाआड पाणी होतं. सड्यावरच्या ज्या घरांना वर चार गुण दिले, त्यांची खोड इथेच आहे. नाचणे, कुवारबाव, खेडशी, मिरजोळे इथे ग्रामपंचायती आहेत, त्यांच्या योजना वेगळ्या, आणि एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना पाण्याची स्थिती निराळी असते. बिल्डरच्या तोंडी 'चोवीस तास पाणी' याचा अर्थ गच्चीवर टाकी आहे एवढाच. विचारायचं ते असं: नळजोडणी कोणाची, बोअर कितव्या महिन्यापर्यंत चालते, आणि गेल्या मेमध्ये सोसायटीने किती टँकर घेतले. तिसऱ्याचं उत्तर हिशेबाच्या वहीत असतं. ती वही मागा.

चार माणसांच्या घराला माणशी १३५ लिटर धरले तर दिवसाला ५४० लिटर लागतात. दिवसाआड पुरवठा आणि वर एक दिवसाचा खंड धरून दीड ते दोन हजार लिटरची स्वतःची साठवण हवी. स्वतंत्र घर असेल तर छपराचं पाणी सोडू नका. हजार चौरस फुटांच्या छपरावर तीन हजार मिलिमीटर पाऊस पडला की, वाया जाणारं वजा करून, सव्वादोन लाख लिटरच्या घरात पाणी मिळतं. सगळं साठवता येत नाही, पण पन्हळ लावून, पहिल्या दोन-तीन जोरदार सरींचं पाणी बाहेर सोडून, बाकीचं विहिरीत घातलं तर मेमधले पंधरा दिवस तरी हाताशी येतात.

किनाऱ्याला लागून बोअर मारू नका. वाळूत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. समुद्रपातळीच्या वर जितकं गोडं पाणी, त्याच्या साधारण चाळीसपट खोलीपर्यंत ते खाली जातं. म्हणजे उपशाने वरची पातळी हातभर उतरली तर खालून खारं पाणी चाळीस हात चढू पाहतं. एकदा खारावलेली विहीर गोडी व्हायला पावसाळेच्या पावसाळे जातात, आणि आपली खारावली की शेजाऱ्याचीही जाते. जुन्या लोकांची उथळ विहीर आणि रहाट यात शहाणपण होतं: पाणी हळू निघायचं.

घर बघायला जाताना टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) खिशात ठेवा, तीन-चारशे रुपयांत मिळतो. पिण्याच्या पाण्याला लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत उत्तम. हजारावर आकडा गेला तर खाऱ्याचा शिरकाव आहे, असं धरून प्रयोगशाळेत क्लोराइड तपासून घ्या. मीटरवर आकडा अगदी कमी आला तर आरओ यंत्र घेऊ नका. धरणाच्या मऊ पाण्याला ते लागत नाही आणि टंचाईत बादलीभर पाणी मोरीत घालवतं. गाळणी आणि यूव्ही पुरतं, फक्त पावसाळ्यात तांबडा गाळ येतो म्हणून गाळणीची नळकांडी जास्त वेळा बदलावी लागते. बोअरच्या पाण्याने बाथरूमच्या फरशीवर तांबूस पट्टे पडत असतील तर ते लोह आहे. त्याला वेगळा फिल्टर.

शहराबाहेर पडताना

रत्नागिरीला मुंबईशी जोडते ती कोकण रेल्वे, जिचा संपूर्ण मार्ग जानेवारी १९९८ मध्ये खुला झाला. जनशताब्दी, तेजस, वंदे भारत या दिवसाच्या गाड्यांनी पावसाळा सोडला तर पाच तासांच्या आसपास प्रवास. पावसाळ्याचं वेळापत्रक वेगळं असतं. २०२५ साली ते १५ जून ते २० ऑक्टोबर होतं. जोराच्या पावसात गाड्या ताशी ४० किलोमीटरवर आणतात, त्यामुळे त्या दिवसांत संध्याकाळच्या विमानाची किंवा मुलाखतीची वेळ गाडीवर टांगू नका. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि गणपतीचं तर बघता बघता संपतं. रेल्वेमार्गाचा बराचसा भाग एकेरी आहे, एक गाडी अडकली की रांग लागते.

मुंबई-गोवा महामार्ग पूर्वीपेक्षा सुधारलाय, कशेडीच्या बोगद्याने घाट वाचतो. पण 'पूर्ण झाला' असं कोणी सांगितलं तर त्याने तो कधी बघितला ते विचारा. पुण्याला थेट सोयीची रेल्वे नाही. रस्त्याने कुंभार्ली किंवा आंबा घाट. प्रवासी विमान धरून तर कोणताच बेत आखू नका.

आंबा घाट रत्नागिरीकरांच्या ताटाशी जोडलेला आहे, हे नव्याने आलेल्यांच्या लक्षात येत नाही. दूध, भाजी मोठ्या प्रमाणात कोल्हापूरकडून येते. जुलै २०२१च्या अतिवृष्टीत या घाटाचा रस्ता खचला होता. घाट बंद झाला की मंडईत कोथिंबिरीचा भाव ऐकून माणूस नुसता हसतो. आजारपणाचंही तेच: गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियेसाठी लोक कोल्हापूर गाठतात, सुमारे १३० किलोमीटर, घाटासकट. चिपळूण तालुक्यात डेरवणचं वालावलकर रुग्णालय आहे. ज्यांना डायलिसिस, कर्करोगाचे उपचार किंवा हृदयाचा पाठपुरावा चालू आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आधी इथल्या तज्ज्ञांना भेटावं, मग घर शोधावं. साठी ओलांडलेल्या जोडप्यांच्या बाबतीत समुद्रापेक्षा हा मुद्दा वरचा आहे.

नोकरीचं थोडक्यात: मासे प्रक्रिया, आंबा, शाळा-कॉलेजं, सरकारी कचेऱ्या, एमआयडीसीतले आणि जयगडकडचे काही मोठे कारखाने. पगार मुंबईचा नाही. बाहेरची नोकरी इंटरनेटवरून करणाऱ्यालाच हा व्यवहार खरा परवडतो.

जमीन घ्यायची असेल तर

फ्लॅटपेक्षा आंब्याची चार कलमं आणि कौलारू घर, हे स्वप्न घेऊन येणारे बरेच. शेतजमीन घ्यायला तुम्ही शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. नसेल तर कुळकायद्याचं कलम ६३ आडवं येतं. बिगरशेती झालेला प्लॉट हा सोपा मार्ग. सातबारा बघताना कोकणातली खास अडचण ध्यानात ठेवा: एका गटावर पंधरा-वीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत, काही वारलेली आणि वारसनोंद नसलेली. एकाने विकली तरी बाकीच्यांचा हक्क तसाच राहतो. 'इतर हक्क' या रकान्यात कूळ आहे का, ते ओळ न ओळ वाचा. आणि किनाऱ्याजवळ असाल तर भरतीरेषेपासून ५०० मीटरचा पट्टा सीआरझेडच्या (किनारा नियमन क्षेत्राच्या) नियमांत येतो. ग्रामीण भागात त्यातल्या पहिल्या २०० मीटरमध्ये नवं बांधकाम सहसा मिळत नाही. खाडीकाठाचे नियम आणखी वेगळे. भरतीरेषा म्हणजे त्या दिवशी पाणी टेकलं ती रेघ नव्हे, मंजूर नकाशावर आखलेली. एजंटाच्या मोबाइलमधल्या नकाशावर विश्वास ठेवून पैसे देऊ नका, गट नंबर टाकून अधिकृत नकाशावर खात्री करा.

आणि ज्यासाठी लोक येतात ते

मिरकरवाड्याला बोटी लागतात तेव्हा बांगडा ज्या ताजेपणाने मिळतो त्याला मुंबईत तोड नाही. सुरमई, पापलेट मात्र स्वस्त असेल असं समजू नका. चांगला माल बर्फात घालून बाहेर जातो आणि भाव बाहेरच्या बाजाराचाच लागतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी मासेमारी बंद. तेव्हा खाडीचे मासे, मुळे (शिंपले), सुकट यांवर भागवायचं. हापूसची पेटी ओळखीच्या बागायतदाराकडून एप्रिलअखेर घ्यावी, पाडव्याच्या पेटीचा भाव हौसेचा असतो.

पोहायला इथला समुद्र नाही. मांडवीला खडक, भाट्याला खाडीच्या मुखाशी ओढ, आरे-वारे आणि गणपतीपुळ्याला पाण्याखाली उतार एकदम पडतो. फिरायला, बसायला मात्र भाट्याची वाळू संध्याकाळी सुंदर. गाडी वाळूत नेऊ नका. नेलीच तर घरी आल्यावर खालून गोड्या पाण्याने धुवा आणि साखळीला तेल द्या.

पटलं असेल तर एकदम घर घेऊ नका. मेच्या पहिल्या आठवड्यापासून ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार करा, नोंदवून. ज्या पट्ट्यात घ्यायचं मनात आहे त्याच पट्ट्यात, पूर्व आणि पश्चिम दोन्हीकडे खिडक्या असलेली जागा. हार्डवेअरच्या दुकानातून साधे, मुलामा नसलेले तीन लोखंडी खिळे आणा. १ जूनला एक पश्चिमेच्या खिडकीबाहेर, एक पूर्वेच्या खिडकीबाहेर दोऱ्याने टांगा. पावसाची सर लागणार नाही पण वारा लागेल अशा बेताने. तिसरा एखाद्या ओळखीच्याकडे, मांडवीला किंवा खेडशीला, तुम्ही राहत नसाल त्या बाजूला. दिवाळीत तिन्ही काढा, खरवडून गंज झाडा, आणि वर्तमानपत्राच्या कागदावर शेजारी शेजारी ठेवा.